निफाडहून एसटीनं आलेला गॅस

"मॅडम, तुमचा एक माणूस आमच्या चौकीत बसवलाय," फोनवरचे हवालदार म्हणाले. "त्याच्याबरोबर एक पिशवी आहे. पिशवीवर तुमच्या केंद्राचा नंबर छापलाय, म्हणून फोन केला. पिशवी टम्म फुगलेली आहे. तिची नळी तो हातातून सोडायला तयार नाही. तुम्ही लगेच या."

"नाव काय सांगतोय?"

"संपत ढोमसे. निफाडचा आहे म्हणतो. ओळखपत्र खिशात आहे, पण काढत नाही. हात मोकळा नाही म्हणतो."

मी फोन ठेवला. खरं तर अशा फोननंतर माणूस घाबरतो. मला मात्र खुर्चीतून उडी मारावीशी वाटली. टेबलापलीकडे उर्स बसला होता. त्याला म्हटलं, "उर्स, गॅस आला!"

"कुठे?" तो उभाच राहिला.

"पोलीस चौकीत."

आता हे सगळं नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी नाशिकला सातपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात रेफ्रिजरेशन शिकवायचे. म्हणजे फ्रीज, डीप फ्रीझर, वॉटर कूलर कसे चालतात आणि बिघडले तर कसे दुरुस्त करायचे, हे. गोष्ट दोन हजार सालानंतरची. तेव्हा बाजारातल्या जुन्या फ्रीजमध्ये एक गॅस असायचा. आमचे मेकॅनिक त्याला 'बारा नंबर' म्हणत. फार गुणी गॅस. पेट घेत नाही, वास येत नाही, फ्रीज झकास थंड करतो. एकच दुर्गुण. हवेत सुटला की वर्षानुवर्षं टिकतो, हळूहळू वर चढतो आणि विमानं उडतात त्याच्याही वर जाऊन तिथल्या ओझोनच्या थराची नासाडी करतो. हा थर आपली छत्री. उन्हातले घातक किरण तो वरच्या वर अडवतो. छत्री विरली की कातडीचे रोग, डोळ्यांचे रोग, पिकांचं नुकसान.

हे कळल्यावर जगातल्या देशांनी एक नवल केलं. ते भांडले नाहीत. एकत्र बसून करार केला, की हा गॅस हळूहळू बंद करायचा आणि ज्या देशांना ते जड जाईल त्यांना बाकीच्यांनी मदत करायची. त्या मदतीतूनच आमच्या केंद्रात एक मशीन आलं आणि मशीनमागून उर्स आला.

उर्स स्वित्झर्लंडचा. उंच, काटकुळा, कायम घामाघूम. त्याच्या नावाचं आमच्या मेकॅनिक लोकांनी पहिल्याच दिवशी 'उरूस' केलं. "उरूस साहेब आले का?" असं विचारत. मी त्याला उरूस म्हणजे काय ते सांगितलं. जत्रा, पाळणे, रेवड्या. तो खूश झाला. म्हणाला, आमच्याकडे माझ्या नावाचा अर्थ अस्वल. त्यापेक्षा हे बरं.

आमचं काम साधं होतं. मेकॅनिक फ्रीज उघडतो, पाइप कापतो आणि आतला गॅस हवेत सोडून देतो. फुस्स! एका क्षणाचं काम. आम्ही म्हणायचं, सोडू नका, या पिशवीत भरा. पिशवी चंदेरी, जाड, गादीच्या अभ्र्याएवढी. भरली की आमच्या केंद्रावर आणा. मशीन तो गॅस ओढून घेईल, त्यातलं तेल आणि ओल काढून टाकेल, सिलिंडरमध्ये भरेल. तोच गॅस पुन्हा जुन्या फ्रीजला वापरा. म्हणजे नवा बनवायला नको आणि जुना आकाशात जायला नको.

उर्सनं वर्गात बोलण्यासाठी माझ्याकडून एकच मराठी वाक्य पाठ करून घेतलं होतं. "गॅस सोडू नका!" पहिल्या वर्गात त्यानं हे हात उंचावून, अतिशय कळकळीनं म्हटलं. मागच्या बाकावरच्यांनी तोंडात रुमाल कोंबले. एक जण तर बाहेरच पळाला. उर्सनं मला विचारलं, माझा उच्चार चुकला का? मी म्हटलं, उच्चार उत्तम आहे. पुढचं समजावून सांगण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं नव्हतं.

लोक हसले, चहा प्यायले, प्रत्येकानं एक एक पिशवी नेली. आणि पिशव्या गायब झाल्या. कुणी तिच्यावर झोपायला लागलं. एकानं ती भाच्यांना दिली, ती पोरं तिच्यात हवा भरून कॅनॉलमध्ये पोहायची. भरलेली पिशवी मात्र एकही परत आली नाही. मी दुकानादुकानांत फिरले. सगळे हसून म्हणायचे, "आणतो ना मॅडम." आणायचं कुणीच नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, नवा गॅस स्वस्तात मिळतो, वर गल्लीतून फुगलेली पिशवी नेताना लोक टर उडवतात. त्यांचंही चुकत नव्हतं.

आमचे प्राचार्य बोरस्ते सर सज्जन, पण घाबरट. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "देवरे मॅडम, गुरुवारी मशीनचं काम तपासायला कमिटी येतेय. दिल्लीहून मोठ्या मॅडम येतायत. सिलिंडरचं वजन रिकाम्या सिलिंडरइतकंच भरतंय. त्यांना काय, नाशिकची हवा दाखवायची?"

"सर, मी प्रयत्न करतेय."

"मशीन उचलून दुसऱ्या शहरात नेतील. तसं पत्रच आलंय."

मला फार वाईट वाटलं होतं. मशीनसाठी नाही. माझ्या गावात हे काम होणार नाही, असं कुणीतरी दिल्लीत बसून ठरवणार, याचं. शेवटच्या वर्गात मी मेकॅनिक लोकांना तसं स्पष्टच सांगितलं. सगळे माना खाली घालून बसले. संपत ढोमसे मागं बसला होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, निफाडच्या बाजारपेठेत त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान. त्यानंही मान खाली घातली होती.

आणि आज गुरुवार होता. कमिटी जेवणानंतर येणार होती. आणि संपत चौकीत होता.

उर्स आणि मी रिक्षानं निघालो. कमिटीसाठी म्हणून त्यानं त्या दिवशी टाय घातला होता, लाल रंगाचा. रिक्षात तो सारखा विचारत होता, "पिशवी किती भरलीय? पूर्ण? अर्धी?" मी म्हटलं, हवालदार टम्म म्हणाले. त्यानं 'टम्म' हा शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. त्याला तो फार आवडला.

सीबीएसच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य एसटी स्टँडजवळची चौकी. दाराशी ही गर्दी. आत शिरलो तर समोर संपत बाकावर बसलेला, आणि त्याच्या शेजारी ती पिशवी भिंतीला टेकवून ठेवलेली, लग्नात रुसून बसलेल्या मामासारखी. संपतच्या उजव्या मुठीत पिशवीची नळी दुमडून आवळलेली. बोटं पांढरी पडलेली. टेबलामागे सबइन्स्पेक्टर खैरनार साहेब. खुर्ची त्यांनी होईल तेवढी मागं भिंतीपर्यंत सरकवलेली.

"मॅडम, आल्या का!" संपतचा चेहरा उजळला. "ह्यांना सांगा ना, मी काय अतिरेकी नाय."

"संपतराव, नळी का धरलीय अशी?"

"झडप बिघडली, मॅडम. गॅस भरला तवा उघडी व्हती, नंतर बंदच व्हईना. मग नळी दुमडली आन धरून बसलो."

"कधीपासून?"

"निफाडपासनं."

मला हसू फुटणार होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. बाजारपेठेतल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातला मोठा डीप फ्रीझर बंद पडला होता. संपतनं सकाळीच आतला सगळा गॅस पिशवीत उतरवून घेतला. झडप अडकली तसं त्यानं दुकानदाराला हाक मारली, जरा सुतळी बांधा म्हणून. दुकानदार रस्ता ओलांडून पलीकडच्या पानटपरीवर जाऊन उभा राहिला होता. तिथूनच ओरडला, "फुटंल! फुटंल ते!" संपतनं एका हातानं आणि दातानं सुतळी बांधायचा प्रयत्न केला. नळी जाड, गाठ घसरायची. मग त्यानं विचार केला, हात घट्ट धरला तर गॅस जात नाही ना? मग झालं तर. एका हातानं लुना चालत नाही. म्हणून तो एसटीत चढला.

"कंडक्टर म्हणला, लगेज काढा," संपत सांगत होता. "मी म्हणलं, काढतो. त्यो म्हणला, वजन किती? मी म्हणलं, नसल्यागतच हाय. त्यो म्हणला, मग जागा किती अडवली बघा. बिन वजनाच्या लगेजचं तिकीट कसं फाडू? शेवटी हाफ तिकीट फाडलं."

"पिशवीचं हाफ तिकीट?" खैरनार साहेब पहिल्यांदाच पुढं वाकले.

"हां. म्हणला, बारा वर्षाच्या आतलं दिसतंय. पैसे बी त्यानंच माझ्या खिशातनं काढून घेतले. हात मोकळा नव्हता ना."

तोवर गाडीत कुजबुज सुरू झाली होती की पिशवीत गॅस आहे. गॅस म्हणजे लोकांना स्वयंपाकाचा गॅसच आठवतो. सगळे पुढं सरकले. मागची अख्खी बाकं संपतला आणि पिशवीला मोकळी मिळाली. स्टँडवर उतरल्या उतरल्या दोन प्रवाशांनी धावत जाऊन चौकीत तक्रार केली.

"आता मला सांगा, मॅडम," खैरनार साहेब म्हणाले. "हे पेट घेतं का?"

"नाही, साहेब."

"फुटतं?"

"फुगा फुटतो तशी पिशवी फाटू शकते. स्फोट होत नाही."

"विषारी?"

"बंद खोलीत भरपूर सोडला तर जीव गुदमरेल. एरवी नाही."

"मग एवढं जिवापाड धरून बसायचं कारण काय? ढोमसे, सोड ती नळी. खिडकीबाहेर सोड. काय आहे ते बघतो आणि विषय संपवतो."

साहेबांच्या बाजूनं हे अगदी योग्य होतं. हवालदार पुढं झाले. संपतनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत उर्स मधे पडला. मधे पडला म्हणजे अक्षरशः. त्या सहाफुटी माणसानं पिशवीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि छताकडे बघून आपलं एकुलतं एक मराठी वाक्य चौकीभर दुमदुमवलं:

"गॅस सोडू नका!"

मग दारातल्या गर्दीतून कुणाचं तरी नाक फुरफुरलं. हवालदारांनी टोपी तोंडावर धरली. खैरनार साहेबांनी चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या मिशा थरथरत होत्या. शेवटी तेच आधी हसले. मग मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संपतही हसत होता आणि मधेच ओरडत होता, "मला हसवू नका हो, मूठ सुटंल!"

हसू ओसरल्यावर मी खुर्ची ओढून साहेबांसमोर बसले. वर्गात वर्षभर जे सांगत आले होते तेच सांगितलं. आकाशातली छत्री, बारा नंबर, देशादेशांचा करार, स्वित्झर्लंडहून नाशिकला आलेलं मशीन. आणि हेही सांगितलं, की वर्षभरात आमच्याकडे आलेला हा पहिलाच गॅस आहे. हा सुटला तर दुपारी आम्ही कमिटीला रिकामा सिलिंडर दाखवणार आहोत.

साहेब मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "एक विचारू? एवढ्याशा पिशवीनं आकाशाला भोक पडणार आहे?"

"एका पिशवीनं नाही पडत, साहेब. पण प्रत्येक जण हेच म्हणतो, की माझी एकच पिशवी आहे."

ते मग संपतकडे वळले. "आणि तू रे? तुला काय मिळणार याचं?"

"काय नाय, साहेब," संपत म्हणाला. "मॅडम म्हणल्या व्हत्या, गुरवारी पाव्हणे यायचेत आन सिलिंडर रिकामा हाय. आपल्या दारी पाव्हणे आन भांडं रिकामं, बरं दिसतं का?"

वर्गात मान खाली घालून बसलेल्या माणसानं ऐकलं होतं, एवढंच नाही, तर त्याला ते लागलं होतं.

खैरनार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "देवरे म्हणजे तुम्ही बागलाणच्या का?"

"सटाण्याची. तुम्ही?"

"मी मालेगावकडचा." आणि मग एकदम आमच्या गावाकडच्या अहिराणीत, "मंग आधी सांगानं ना, ताई!"

"भाऊ, हाऊ बॉम्ब नही शे," मी म्हटलं.

ते पुन्हा हसले. पण पोलीस तो पोलीस. "ताई, तक्रार आलीय, त्यामुळे मला नुसतं सोडता येणार नाही. तुमचं ते मशीन कुठंय? सातपूरला? चला. माझ्यासमोर पिशवी रिकामी करा. भलतंसलतं काही निघालं तर तिथंच पंचनामा."

प्रश्न उरला मुठीचा. संपतची बोटं आता उघडत नव्हती आणि उघडली असती तर आमची पंचाईत. उर्सनं गळ्यातला लाल टाय सोडला. मी नळी आणखी एकदा दुमडून धरली, त्यानं टायचे वेढे देऊन करकचून बांधली. मग संपतचं एक एक बोट आम्ही सोडवलं. फुस्स झालं नाही. बाहेरच्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी चहा मागवला. संपतला कप धरता येईना, तर त्यांनी स्वतः बशीत ओतून त्याला पाजला. मघाशी हेच हवालदार त्याला अतिरेकी समजत होते.

पोलिसांच्या गाडीत आम्ही निघालो. पुढं खैरनार साहेब. मागं मी, संपत, हवालदार आणि उर्सच्या मांडीवर पिशवी. ड्रायव्हरला ताकीद होती, जोरात ब्रेक मारायचा नाही. गाडी त्र्यंबक रोडनं इतकी हळू चालली होती, की सायकलवाले बाजूनं आत डोकावून जात. सिग्नलला एका आजीबाईंनी विचारलं, "कुणाला काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही आजी, गॅस झालाय." त्या म्हणाल्या, "ओवा द्या." हवालदार इतके हसले की साहेबांना मागं वळून दटावावं लागलं.

सातपूरच्या स्पीडब्रेकरवर मात्र घात झाला. गाडी उडाली, टायची गाठ सैल झाली आणि नळीनं बारीक शिट्टी मारली. उर्स आणि संपत दोघांनी एकदम झडप घातली. शिट्टी थांबली. पुढचा सगळा रस्ता त्या दोघांनी नळी चार हातांनी धरून काढला, एकमेकांकडे न बघता, परीक्षेला बसल्यासारखे.

केंद्राच्या फाटकात पोलिसांची गाडी शिरली तेव्हा बोरस्ते सर व्हरांड्यात होते. कमिटी येऊन बराच वेळ झाला होता. सरांनी त्यांना पुन्हा पुन्हा चहा पाजला होता, गुलाबाची बाग दाखवली होती, मग तीच बाग दुसऱ्या बाजूनं दाखवली होती. गाडीतून आधी हवालदार उतरले, मग मी. सरांचा चेहरा पडला.

"मॅडम, काय केलंत तुम्ही?"

"सर, गॅस आणलाय."

"पोलिसांकडून?"

एवढ्यात उर्स, संपत आणि पिशवी असे तिघं एकत्र, खेकड्यासारखे आडवे उतरले आणि सरळ मशीनच्या खोलीकडे गेले. मागोमाग खैरनार साहेब, त्यांच्यामागं सर, आणि कसला गोंधळ म्हणून बाहेर आलेल्या दिल्लीच्या मॅडम.

या मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध. पिकलेले केस, सुती साडी, हसू नाही. खोलीत मशीन चालवणारे आम्ही दोघंच, उर्स आणि मी. मशीन जोडायला उर्सचे हात मोकळे हवेत. संपतच्या बोटांत पुन्हा गोळे आले होते. उर्सनं इकडंतिकडं पाहिलं. सर्वांत जवळ मॅडम उभ्या होत्या. त्यानं दुमडलेली नळी त्यांच्या हातात दिली, त्यांच्या दोन्ही मुठी तिच्याभोवती दाबून बसवल्या आणि म्हणाला, "गॅस सोडू नका!"

मॅडमना मराठी येत नव्हतं. पण भाव कळला. त्यांनी नळी घट्ट धरली.

जोडणीचं पितळी तोंड स्टोअरमध्ये होतं. स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरकडे होती. स्टोअरकीपर कमिटीच्या धावपळीत राहिलेलं जेवण जेवायला घरी गेले होते. बोरस्ते सर स्वतः स्कूटर काढून त्यांना आणायला पळाले. म्हणजे दिल्लीच्या मॅडम नळी धरून उभ्या, पिशवी त्यांच्या पायाशी, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती. तेव्हा खैरनार साहेबांनी घसा साफ केला आणि हिंदीत व्याख्यान सुरू केलं.

"मॅडमजी, ये जो ऊपर आसमान है ना, उसमें एक छत्री है।"

मी उर्सकडे पाहिलं. उर्सनं माझ्याकडे. साहेबांनी छत्री सांगितली, घातक किरण सांगितले, बारा नंबर सांगितला, देशादेशांचा करार सांगितला. तासाभरापूर्वी त्यांनी हे सगळं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. मॅडमना निघून जाता येत नव्हतं, हात गुंतलेले. त्यांनी अर्धं आयुष्य याच करारावर काम केलं होतं. पण त्यांनी एक शब्द न बोलता सगळं ऐकलं. शेवटी साहेब म्हणाले, "एक थैली से छेद नहीं होता, मॅडमजी। लेकिन हर आदमी यही बोलता है कि मेरी तो एक ही थैली है।"

मॅडम हसल्या. मोठ्यानं, मान मागं टाकून. नळी मात्र सुटू दिली नाही.

सर स्टोअरकीपरना घेऊन आले. घास हातात धरूनच ते आले असावेत, बोटांना भात होता. जोडणी लागली. उर्सनं बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि पिशवीच्या पोटाला पहिली सुरकुती पडली. मग दुसरी. पिशवी खाली खाली बसत गेली. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवलेला होता. सगळ्यांच्या नजरा काट्यावर. काटा जागचा हलेना. संपत पुटपुटला, "हल की गं बाई." आणि काटा हलला. थोडासाच. पण हलला आणि तिथंच थांबला.

पहिली टाळी हवालदारांनी वाजवली. मग खोली टाळ्यांनी भरून गेली. उर्सनं संपतला मिठी मारली. संपतनं बोरस्ते सरांना. बोरस्ते सरांनी चुकून खैरनार साहेबांना. मी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. चाळिशी ओलांडलेली बाई, केंद्राच्या कार्यशाळेत. कुणी पाहिलं असेल तर असो.

मॅडम काट्याजवळ वाकल्या. "बस, इतना ही?"

संपतनं उत्तर द्यायला माझी वाट पाहिली नाही. "मॅडम, निफाडात आजून लय फ्रीज हायेत."

मी भाषांतर केलं. मॅडमनी मान डोलावली आणि आपले हात पाहिले. तळव्यांवर नळीचे लाल वळ उठले होते. त्यांनी संपतला विचारलं, किती वेळ धरली होती? मी सांगितलं, निफाडपासून.

खैरनार साहेबांनी तक्रार निकाली काढली. "पिशवीत शीतकरणाचा निरुपद्रवी वायू," असं त्यांनी लिहायला घेतलं. उर्सला मी ते समजावलं, तर तो म्हणाला, निरुपद्रवी नाही! मी त्याला गप्प केलं. आकाशाचा उपद्रव पोलिसांच्या हद्दीत येत नाही. जाताना साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, चौकीचा वॉटर कूलर गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे, ताई, काही होईल का? झालं. संपतनंच जाऊन केला. आमच्याच सिलिंडरमधल्या, साफ केलेल्या गॅसनं.

मशीन नाशिकलाच राहिलं. मॅडमच्या अहवालात आकड्यांपेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलं होतं, असं बोरस्ते सर म्हणाले. झडपांची तक्रारही उर्सनं वर पाठवली आणि पुढच्या पिशव्यांना चांगल्या झडपा आल्या.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली, 'एसटीतून गॅसची वाहतूक, पोलिसांकडून कसून चौकशी'. ओझोनचा त्यात उल्लेखही नव्हता. आणि सोमवारी सकाळी आमच्या फाटकात तीन मेकॅनिक उभे. भद्रकालीचा एक, अंबडचा एक, इगतपुरीहून एक. प्रत्येकाच्या हातात भरलेली पिशवी. अंबडचा कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, एक सांगा. पोलीस मागं लागले, दिल्लीवाले आले, म्हणजे ह्या गॅसची चांगलीच किंमत असणार ना?"

"फार किंमत आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्यानंतर पिशव्या येतच राहिल्या. मी वर्षभर तक्ते लावून, चित्रं काढून, गळा सुकवून जे सांगितलं, ते लोकांना पटलं नव्हतं असं नाही. पण आकाशाचं नुकसान कुणाला दिसत नाही आणि पोलिसांची गाडी सगळ्यांना दिसते. नव्या केंद्रांवर शिकवायला जाणाऱ्यांनी मला विचारलं, की सुरुवात कशी करावी, तर मी सांगायचे: आधी जवळच्या चौकीत जाऊन ओळख करून घ्या. लोक तुमचं ऐकतीलच असं नाही, पण पोलिसांनी तुमचं काय ऐकलं हे विचारायला नक्की येतील.